जग संपल्यानंतरच्या ग्रुपातला राखणदार

माझ्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे, हे मला कळलं ते एका ढोलवाल्यामुळे.

ढोलवाला म्हणजे ड्रमर. नागपूरच्या 'उकाडा' बँडचा. चार पोरं, एक गॅरेज, आणि गाणी अशी की ऐकताना कानात मे महिना शिरतो. त्यांचं नवीन गाणं आलं त्या दुपारी मी ग्रुपवर तेरा ओळींचं कौतुक लिहून टाकलं. बदाम पडत होते, मी मोजत होते. तेवढ्यात खाली एक संदेश आला:

"गायक उत्तम आहे. परंतु तिसऱ्या कडव्यानंतर ढोलवाला मागे पडतो. त्या दिवशी तो जेवलेला नसावा."

लिहिणाऱ्याचं नाव राखणदार. ग्रुपमध्ये हसून हसून लोकांची वाट लागली. मी मात्र इयरफोन घालून ते गाणं अकरा वेळा ऐकलं. आणि खरंच की! तिसऱ्या कडव्यानंतर ड्रम किंचित मागे पडतो, दमलेला माणूस जिन्यात मागे राहतो तसा. एकशेऐंशी लोकांत ते कोणाला कळलं नव्हतं. मलाही नव्हतं. याचाच राग आला होता, तर त्याच्या खाली दुसरी ओळ:

"गंजलेली सायकल यांना विचारावे. त्यांना कान आहे. लहानपणापासून आहे."

लहानपणापासून?

माझ्या हातातलं कैरीचं पन्हं ओट्यावर सांडलं. कारण गंजलेली सायकल म्हणजे मी. आणि माझ्या लहानपणाबद्दल त्या ग्रुपात मी एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

आता नीट सांगते. मी हर्षा केशवराव रामटेके, दहावीत नुकतीच गेलेली, राहणार पवनीपासून नऊ किलोमीटरवरचं पुनर्वसन. आमच्या गावाला नाव आहे, पण ते कोणी घेत नाही, सगळे 'पुनर्वसन'च म्हणतात. ग्रुपचं नाव 'जग संपल्यानंतर'. त्यात महाराष्ट्रभरचे वेडे जमतात. पूर, धूळ, बर्फ, झोंबी, काहीही होऊन जग संपलेलं असलं पाहिजे आणि चारपाच माणसं उरलेली असली पाहिजेत, असे सिनेमे आम्ही बघतो आणि त्यावर भांडतो. मधल्या वेळात रॉक बँडवर भांडतो. सिनेमांची खरी नावं घ्यायची नाहीत असा नियम आहे, कारण निम्मे लोक डब केलेले बघतात आणि डब करताना नाव बदलतं. म्हणून 'तळघरवाला', 'मिठागरवाला', 'रेडिओ आणि कुत्रा' अशी आमची आमची नावं.

मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'येस सर' म्हणतानासुद्धा माझा आवाज फळ्यापर्यंत पोचत नव्हता. मग जानेवारीत मी 'तळघरवाला'वर मोठ्ठं लिहिलं आणि त्याला बासष्ट बदाम पडले. ॲडमिन तळघरताई (पुण्यात नोकरी करते, खरं नाव कोणालाच माहीत नाही) म्हणाली, "सायकल, तू असंच लिहीत जा." बास. तिथून मी सुटलेच. फेब्रुवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात माईक हातात घेतला आणि परत द्यायला तयार नव्हते, अशी तक्रार बाईंनी घरी केली. आणि आता तळघरताईनं जाहीर केलं होतं: रविवारी चार वाजता ग्रुपवर थेट आवाजात कार्यक्रम. विषय, 'जग संपतं तेव्हा मागे कोणतं गाणं वाजतं'. बोलणार, गंजलेली सायकल.

आतापर्यंत त्यांनी मला फक्त वाचलं होतं. रविवारी माझा आवाज ऐकणार होते. मी भाषण लिहून पाठ करायला घेतलं होतं.

फक्त एक अडचण होती. ती अडचण म्हणजे बाबा.

बाबा वायरमन आहेत. खांबावर चढून कोणती तार जिवंत आणि कोणती मेलेली हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे ते जगातल्या प्रत्येक गोष्टीला आधी टेस्टर लावतात. फोन हातात देतानाच त्यांनी सांगितलं होतं, "हे पाय हर्षा. अभ्यासाले देऊन राहिलो. एकडाव जरी अनोळखी माणसाइसंग बोलताना सापडली, तं फोन कपाटात. दहावीचा निकाल लागतवरी."

कपाट लोखंडी आहे आणि त्याची किल्ली बाबांच्या करदोट्याला असते.

म्हणून मी ग्रुपात कोणाला काही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं तर मुंबई म्हणायचे. आणि राखणदारानं ते पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"गंजलेली सायकल, आपण कोणत्या गावच्या?"

"मुंबई," मी टाकलं.

"वा. मुंबईत सायकल गंजतेच. खाऱ्या हवेचा दोष."

तेव्हा मला ते साधं वाटलं. आता मागे जाऊन त्याचे सगळे संदेश वाचले तर एकेक ओळ डोळे वटारून बघायला लागली. हा माणूस ना कधी स्टिकर टाकायचा, ना हसण्याचा चेहरा. भाषा अशी शुद्ध की शाळेतल्या मराठीच्या बाईंनी पायात चप्पल न घालता ऐकावी. सोलापुरी झोंबी नावाचा आमचा एक मेंबर आहे, तो तर राखणदाराला 'सर' म्हणायला लागला होता.

'मिठागरवाला'वर आमचं भांडण झालं ते आठवलं. त्या सिनेमात पूर येणार म्हणून अख्खं शहर रिकामं होतं. लोक गाड्यांत बॅगा टाकतात आणि निघतात. मी लिहिलं होतं, हा सीन म्हणजे कळस आहे. राखणदार म्हणाला:

"हा प्रसंग खोटा आहे. गाव सोडताना माणूस बॅग भरत नाही. आधी कवाडे काढतो. मग खिडक्या, मग मयाली, मग कवेलू. ह्या दिग्दर्शकाने आयुष्यात एकही गाव सोडलेले नाही."

"सर, मयाली म्हणजे?" सोलापुरी झोंबीनं विचारलं.

"छपराचे आडवे लाकूड. घराची पाठ समजा. आणि कवेलू म्हणजे कौले."

"राखणदार, सिनेमात दरवाजे उखडत बसले तर पूर येऊन जाईल की," मी लिहिलं. "थोडं तरी थ्रिल पाहिजे!"

"पूर नोटीस देऊन येतो, बाई. तीन नोटिसा येतात. माणसाकडे वेळच वेळ असतो."

त्यानं मला 'बाई' म्हटलं होतं. मी मुलगी आहे हे मी सांगितलं होतं का? नाव सायकल. फोटो एका गंजलेल्या घंटीचा. यात बाई कुठे दिसते?

गुरुवारी तळघरताईनं खेळ काढला: आपापल्या आसपासचा 'जग संपल्याचा फोटो' टाका. कोणी बंद पडलेली गिरणी टाकली, कोणी मोडकी एसटी. सोलापुरी झोंबीनं त्याच्या काकाचं टक्कल टाकलं. संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी राखणदाराचा फोटो आला.

चहूकडे पाणी. सपाट, राखाडी, काठ नसलेलं. आणि त्या पाण्याच्या मधोमध एक दार उभं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसती चौकट, दोन फळ्या मिटलेल्या, आणि कडीला कुलूप.

एकशेऐंशी लोक वेडे झाले. "हा सेट आहे का?" "कोणत्या सिनेमातलं आहे?" "राखणदार, तुम्ही जिंकलात!"

मी फोटो दोन बोटांनी ओढून मोठा केला.

ते दार आमचं होतं.

मी तीन वर्षांची असताना धरणाचं पाणी चढायला लागलं आणि जुनं गाव उठलं. तेव्हा गावातल्या प्रत्येकानं घराची कवाडं काढली, बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये घातली आणि इकडे आणली. आजही पुनर्वसनात फिरलात तर दिसेल: घरं विटासिमेंटची, बुटकी, सगळी एका मापाची, आणि त्यांना सागवानाची जुनी भलीमोठी कवाडं, पितळेच्या कड्या. छोट्या पोरानं आज्याचा कोट घालावा तशी. फक्त एका घराला पत्र्याचं दार आहे. आमच्या. कारण माझ्या आबाजींनी, म्हणजे बाबांच्या वडलांनी, यादोराव रामटेक्यांनी, आमचं कवाड काढू दिलं नाही. उलट सगळं सामान गाडीत भरून झाल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि गाडीत बसले. बुडणाऱ्या घराला कुलूप! गाव अजून हसतं. बाबा हसत नाहीत. पावसाळ्यात पत्रा वाजायला लागला की बाबा म्हणतात, "सागाचं कवाड होतं आपलं. सागाचं." आणि आबाजी खोकल्याचं निमित्त करून बाहेर जातात. त्यावर घरात बोलायचं नाही असं न ठरवता ठरलेलं आहे.

मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचं काही काही वर येतं. म्हणजे राखणदार पुण्याचा नाही, मुंबईचा नाही. तो गेल्या काही दिवसांत इथे, आमच्या दारासमोर, फोन घेऊन उभा होता. आणि त्यानं तो फोटो मला दिसावा म्हणून टाकला होता. माझी अशी खात्रीच झाली.

मग मी हेर झाले. झोंबीचे सिनेमे बघून डोकं तयारच होतं. राखणदार ग्रुपमध्ये कधी आला ते वर सरकत सरकत शोधलं. चौदा एप्रिल.

चौदा एप्रिल! मी कपाळावर हात मारला. जयंतीच्या दिवशी सकाळी सगळे सगळ्यांना शुभेच्छा पाठवत असतात, इकडून कॉपी तिकडे पेस्ट, बोटांना फुरसत नसते. मी आमच्या 'रामटेके परिवार' ग्रुपवर निळ्या झेंड्याचा संदेश पेस्ट करायला गेले आणि पेस्ट झाली 'जग संपल्यानंतर'ची लिंक. दोन मिनिटांत लक्षात आलं, लगेच उडवली. तेवढ्यात शंभर शुभेच्छा येऊन गेल्या होत्या, कोणी पाहिलं नसणार असं मी धरून चालले होते.

कोणीतरी पाहिलं होतं. आणि ते कोणीतरी रामटेके होतं.

परिवार ग्रुपात चौदा जण. मी यादी केली, वहीच्या मागच्या पानावर. आई: आशा वर्कर आहे, दिवसभर फोनवर लसीकरणाचे फॉर्म भरते, तिला झोंबीसाठी वेळ नाही. बाबा: बाबा असते तर फोन केव्हाच कपाटात गेला असता. आबाजी: माझा जुना, काच तडकलेला फोन वापरतात, रोज सकाळी सहाला कमळाचं चित्र पाठवतात, बाकी काही येत नाही. खोडले. बाकी सगळे काका-काकू आणि त्यांची पोरं, गोंदियाचे. खोडले. उरला अश्वजित. माझा दादा. पॉलिटेक्निकला आहे, सुट्टीत घरी आलेला. फोनकडे बघून एकटाच हसतो. आणि मुख्य म्हणजे मागच्या रविवारी मित्रांसोबत मोटारसायकलवर धरणाच्या पाण्याकडे गेला होता आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत आला होता!

सगळं जुळत होतं. शुद्ध भाषा? मुद्दाम. 'बाई'? मला चिडवायला. दादा मला रविवारपर्यंत खेळवणार आणि मी बोलायला लागले की बाबांना बोलावून ऐकवणार. हे मला इतकं स्वच्छ दिसलं की मला माझाच अभिमान वाटला.

शनिवारी संध्याकाळी जेवायला बसलो होतो. बाबा, दादा, आबाजी, मी. आई वाढत होती. दादानं फोनकडे बघितलं आणि हसला.

"हास, हास," मी म्हणाले. "मले सगळं मालूम झालं."

"काय मालूम झालं वं?"

"राखणदार तूच हायेस."

"कोन?"

"नाटक नोको करू दादा. आपल्या कवाडाचा फोटो तूच काढला. चौदा तारखेले लिंक पाह्यली न् ग्रुपात घुसला."

दादाचा घास हातातच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. म्हणजे अक्षरशः काही नाही, नवीन पाटीसारखा कोरा चेहरा.

"कोनता ग्रुप?" दादा म्हणाला.

"कोनता ग्रुप, हर्षा?" हे बाबा होते. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

बघा, एवढी मोठी हेर मी, आणि गुन्हेगाराला पकडायच्या नादात आपणच ठाण्यात चालत गेले. दादाला काहीच माहीत नव्हतं. आता सगळ्यांना होतं.

"सिनेमाचा ग्रुप हाये बाबा. न् गाण्याचा."

"कोन कोन हाये त्याच्यात?"

"खूप जण हायेत."

"वळखीचे?"

"...नाही."

"मानसं हायेत का बाया?"

"दोन्ही. बाबा, ते चांगले—"

"चांगले हे तुले कसं मालूम? तोंड पाह्यलं का त्याइचं? नाव मालूम हाये एकाचं तरी?"

मी काय सांगणार होते? तळघरताई? सोलापुरी झोंबी? आईनं डोळ्यांनीच सांगितलं, दे. मी फोन दिला. बाबांनी कपाट उघडलं, फोन साड्यांच्या घडीखाली ठेवला, किल्ली फिरवली.

"उद्या चार वाजता माह्या कार्यक्रम हाये," मी म्हणाले. "फक्त उद्याच्याले द्या. फक्त एक घंटा."

"निकाल लागल्यावर."

आबाजी जेवणातून उठले होते. अर्धी भाकर तशीच ताटात. कोणाचं लक्ष नव्हतं. दादा तेवढा माझ्याकडे बघत होता. "मी चोर वाटलो तुले?" म्हणाला आणि हात धुवायला गेला. त्याला मी नंतर सॉरी म्हटलं. त्यानं सांगितलं, आठ दिवस मोटारसायकल पूस. आणि तो चिखल? मित्राची चप्पल गाळात अडकली होती, ती काढायला उतरला होता. तेही पार दुसऱ्या काठाला.

रविवारी दुपारी साडेतीनला मी मागच्या अंगणात कडुलिंबाखाली बसले होते. आत कूलर घरघरत होता. मी पाठ केलेलं भाषण मनातच म्हणून बघत होते आणि प्रत्येक वाक्याला रडू येत होतं. अर्ध्या तासात एकशेऐंशी लोक माझी वाट बघणार, मी येणार नाही, आणि त्यांना वाटणार की सायकल घाबरली. हेच सगळ्यात झोंबत होतं. फोन गेला ते चालेल, पण घाबरली असं नको.

आबाजी आले. खाटेवर बसले. खिशातून माझा जुना फोन काढला, तडकलेल्या काचेवर धोतराचं टोक फिरवलं आणि माझ्यासमोर धरला.

"घे."

"याच्यात माह्यं काही नाही आबाजी. माह्यं खातं त्या फोनात हाये."

"माह्यं हाये न्."

मी काचेकडे पाहिलं. तड्यांच्या मागे ग्रुप उघडा होता. वर लिहिलेलं, राखणदार.

मला पहिल्यांदा काही म्हणजे काही समजलं नाही. मग समजलं. मग वाटलं की नाही, अजून समजलेलं नाही.

"तुमी?"

"मी."

"पण तुमाले टाइप कोठं येते?"

"टाइप कायले पायजे? त्या माइकाच्या चित्राले दाबलं न् बोललं का तो सोताच लिवते. आपली झाडीबोली बोललो का चुकते मेला. मंग मी नाटकातलं बोलतो." आबाजी ताठ बसले आणि आवाज खर्जात नेला. "'महाराज, हे राज्य आता वाचत नाही!' असं. ते बराबर लिवते."

माझे आबाजी बावीस वर्षं गावच्या नाटकात काम करायचे. भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. मला हे जन्मापासून माहीत होतं. शुद्ध भाषा, ढोलवाला, लहानपणापासून कान, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यांना यादीतून खोडलं होतं. आणि माझ्या फोटोतली गंजलेली घंटी? ती त्यांच्याच सायकलची.

"न् सिनेमे?"

"तुह्याच फोनात होते सात. तू डिलिट नाही केले. पाह्यले. कुत्रावाला चांगला हाये. न् कवाडाचा फोटो मीच काढला, पानी उतरलं तवा काठावर जाऊन."

"माह्यावर नजर ठेवून राहिले होते तुमी?" मला रागच आला. "बाबाइनं सांगतलं होतं का?"

आबाजींनी नाही म्हणून मान हलवली. खाली पडलेली एक निंबोळी उचलून बोटांत फिरवली.

"पह्यल्या दिवशी तसंच. म्हटलं पोरगी कोनाइसंग बोलते, पाहाव. मंग पाह्यलं तं तिथं सगळेच बुडालेल्या गावाच्या गोष्टी सांगून राहिले. आनंदानं. कोनी म्हनत नाही का पुन्हा तेच काय लावलं बुढ्यानं. म्हनून राह्यलो."

चारला दहा मिनिटं होती. फोन हातात होता, कार्यक्रम समोर होता. कडुलिंबाखाली हळू आवाजात बोलले असते तर कूलरच्या घरघरीत बाबांना कळलंही नसतं.

"इथंच बसून बोल," आबाजी म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. माझं मलाच नवल वाटलं. "लपून नाही बोलत. लपून लपूनच हे सारं झालं."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं, उठले आणि आत गेले. मी मागोमाग. बाबा कूलरसमोर गंजीफ्राकावर पडले होते.

"केशव, ऊठ."

"काय झालं बा?"

"तुले ज्या अनोळखी मानसाइचं भेव हाये, त्याच्यातला एक मी हाओ. वीस-पंचवीस दिवस पोरीच्या मांगं होतो. मले वाईट काही दिसलं नाही. आता ती बोलते. तू बस न् ऐक. टेस्टर लाव, काय लावाचं ते लाव."

बाबा उठून बसले. आधी आबाजींकडे, मग फोनकडे, मग माझ्याकडे पाहिलं. वायरमनला पहिल्यांदाच कळत नव्हतं की तार जिवंत आहे की मेलेली.

"चार वाजले," मी म्हणाले आणि माइकचं बटण दाबलं.

"नमस्कार, जयभीम. हा फोन राखणदारांचा आहे, पण आवाज गंजलेल्या सायकलचा आहे. मी मुंबईची नाही. मी भंडारा जिल्ह्यातली आहे, दहावीत आहे, आणि माझे बाबा समोर बसून ऐकताहेत, तेव्हा सगळ्यांनी नीट वागा."

पलीकडून तळघरताईचं हसणं आलं. पुण्याची माणसंही पोटातून हसतात हे मला नवीनच.

मग मी बोलले. 'तळघरवाल्या'त शेवटी फक्त गिटारची एक तार वाजते त्याबद्दल बोलले. 'रेडिओ आणि कुत्रा'मध्ये गाणं नाहीच, फक्त खरखर आहे, आणि तीच का भिववते त्याबद्दल. 'उकाडा'च्या ड्रमरची तर मी पार बिनपाण्यानं केली आणि श्रेय राखणदारांना दिलं. आई दारात येऊन उभी होती, दादा खिडकीत. माझा आवाज फळ्यापर्यंतच काय, भिंतीपार गेला. शेजारच्या शकुनबाई डोकावून गेल्या.

शेवटी प्रश्न. तळघरताई म्हणाली, "माझा प्रश्न राखणदारांना. तो फोटो. त्या दाराला कुलूप का आहे?"

हा प्रश्न आमच्या घरात बारा वर्षं कोणी विचारला नव्हता. मी फोन आबाजींसमोर धरला. त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं आता नाटकातलं बोलतील. पण ते आपल्याच बोलीत बोलले.

"सगळ्याइनं कवाडं काढून नेली न्, तं पंधरा दिवस गावात भोकं होती नुसती. घर वळखू येत नव्हतं. मले वाटलं, एक तरी घर घरासारखं बुडावं." बाबांकडे पाहून म्हणाले, "पोराले राग आला. त्याचंबी बराबर हाये. कवाड सागाचं होतं."

बाबा कूलरकडे बघत होते. त्यांनी हात लांब करून कूलर बंद केला. एवढ्या उन्हाळ्यात.

"बा," ते म्हणाले, "किल्ली हाये का अजून?"

आबाजींचा हात बंडीच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. "काहून? तुले कायले पायजे?"

"पाहाले."

"पाहाले का कवाड आनाले?"

"अरे, नुसतं पाहाले म्हटलं न् मी!"

आबाजींनी डोळे बारीक केले, खिशावरचा हात काही काढला नाही. आमच्या घरात संशय आनुवंशिक आहे, हे मला तेव्हा कळलं.

फोनचं म्हणाल तर कपाटातच आहे. पण दर रविवारी चार ते पाच बाहेर येतो, आणि पाच वाजून एक मिनिट झालं की करदोट्याची किल्ली वाजते. एवढं मिळालं, मी भांडले नाही. कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी तळघरताईचा निरोप बघायला मी आबाजींचा फोन उघडला, तर ग्रुपमध्ये एक नवीन मेंबर आलेला. नाव, पत्र्याचं दार. फोटो नाही, ओळख नाही. पहिलाच संदेश:

"या ग्रुपात पोरं किती आन पोरी किती? सगळ्याइनं आपापलं खरं नाव सांगा. न् ते झोंबी कोन हाये?"

सोलापुरी झोंबीनं घाबरून तळघरताईला विचारलं, हा माणूस संशयास्पद वाटतो, काढून टाकायचा का?

मी राखणदारांच्या नावानं लिहिलं, "राहू द्यावे. माणूस कडक आहे, पण ओळखीचा आहे."